भाजीत पाणी ओतण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. घणसोलीत तिघं मित्र भाड्याच्या घरात, महापेला ऑफिस, घरी यायला रात्रीचे साडेआठ आणि स्वयंपाकाला जेमतेम पाऊण तास. तिघंही शाकाहारी. भाजी पाण्यात तरंगते, उसळीचे दाणे कधी टणक राहतात तर कधी त्यांचा गाळ होतो, डाळीला चव येत नाही म्हणून तिखट वाढवत जाता. त्यात जिममधला मुलगा सांगतो की डाळ-भाजीत प्रोटीन नसतंच, पावडर घ्या. शेवटी पावसाळ्यात पालेभाज्या खाव्यात का, हेही विचारलंयस. मी ठाण्याच्या नौपाड्यात गेली 22 वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. लेकाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणते.

भाजीची कृती तू लिहिलीस हे बरं केलंस: कांदा परतला, भाजी टाकली, मसाला, मीठ, एक ग्लास पाणी, झाकण, पंधरा मिनिटं. दोष त्या एका ग्लासात आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं हेच होतं. भाजी करपेल या भीतीने पाणी ओततात, मग ते आटवण्यासाठी भाजी जास्त शिजवतात, तिची चव पाण्यात उतरते आणि तेच पाणी शेवटी ताटात उरतं किंवा सिंकमध्ये जातं. क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही पाण्यात विरघळतात, उष्णतेनेही कमी होतात. म्हणजे ज्या चुकीने चव जाते त्याच चुकीने सत्त्वही जातं. म्हणून चवीचं वेगळं आणि पौष्टिकाचं वेगळं असं काही तुला सांगणार नाही. पाणी कुठे, किती आणि केव्हा एवढंच शीक.

दुधी, कोबी, फरसबी, गाजर, तोंडली, पडवळ, कशातही पाणी मुळातच भरपूर असतं. कोबीचं बघ. अर्धा किलो कोबी बारीक चिर. चिरायच्या आधी धू, चिरल्यावर धुवायचा नाही. जाड बुडाच्या कढईत दीड-दोन मोठे चमचे तेल. फोडणी झाली की कोबी टाकून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परत, म्हणजे प्रत्येक पानाला तेल लागेल. मग मीठ. आता आच अगदी मंद कर आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओत. कढईत नाही, ताटलीत. पाच मिनिटांनी ताटली उचललीस की तिच्या खालच्या बाजूला टपोरे थेंब लटकलेले दिसतील. भाजीची वाफ वर जाते, गार ताटलीला लागून परत पाणी होते आणि भाजीवर ठिबकते. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. तरीही बुडाला लागायला आली, तर ताटलीतलं तोवर गरम झालेलं पाणी चमचा-दोन चमचे आत सोड. आपल्याकडे याला झाकणावर पाणी ठेवून वाफ काढणं म्हणतात. तुझ्या आजीला विचार, तिच्या हाताला ही सवय असणार. काचेचं घुमटासारखं झाकण आल्यापासून घराघरातून ही गोष्ट गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सपाट काठाची स्टीलची ताटली स्वस्तात मिळते, आजच घे.

शेवटची दोन मिनिटं झाकण काढून आच वाढव. उरलंसुरलं पाणी उडालं की भाजी कढईला किंचित लागायला लागते आणि वास बदलतो, उकडल्याचा जाऊन खमंग येतो. ओलं खोबरं आणि कोथिंबीर त्यानंतर, गॅस बंद करून. दुधी-पडवळाला भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ मूठभर घालतात, ती सुटणारं पाणी पिऊन घेते. सिमला मिरचीला, कांद्याच्या पातीला बेसन पेरतात तेही त्यासाठीच. पीठ पेरताना एका जागी ओतायचं नाही, चिमटीतून सगळीकडे भुरभुरायचं, वरून चमचाभर तेल, मग परत एक वाफ. डाळीचं सत्त्व भाजीत आपसूक येतं.

भेंडीला मात्र झाकण नको. आदल्या रात्री धुऊन कापडावर पसरून ठेव, पूर्ण कोरडी झाल्यावर चिर, पसरट कढईत परत, आमसूल किंवा लिंबू आधी आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की भेंडी पाणी सोडते आणि तार येते. पसरट कढई म्हटलं कारण लहान पातेल्यात अर्धा किलो भेंडी कोंबलीस तर ती परतली जाणार नाही, एकमेकींच्या वाफेत शिजेल.

आता फोडणी. हिंग, हळद, जिरं यांचा बहुतेक वास तेलात उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही. म्हणून हेच पदार्थ उकळत्या आमटीत वरून टाकले की कच्चे लागतात. तेल तापलंय की नाही बघायला मोहरीचे दोन दाणे टाक. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी. ती पूर्ण तडतडू दे, अर्धवट राहिलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, दहा सेकंदांत ते फुलतं. मग हिंग, कढीपत्ता, मिरची आणि सगळ्यात शेवटी हळद, लगोलग भाजी किंवा कांदा. हळद आणि तिखट काही सेकंदांत जळतात, म्हणून त्या वेळी भाजी चिरलेली हाताशी हवी. फोडणी गॅसवर ठेवून कांदा चिरायला घेणारी मुलं मी रोज बघते. मेथीदाणे घालत असशील तर ते बदामी झाले की बस, काळपट झाले तर ती भाजी वाचत नाही. माझं मत विचारशील तर पंधरा मसाल्यांच्या डब्या घेण्याआधी ही एक फोडणी महिनाभर नीट कर. गोडा मसाला एक आणि तिखट मसाला एक, एवढं तिघांना पुरतं. तुमच्या घणसोली गावात आगरी घरांमधून उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडून ठेवतात. कुणी शेजारी ओळखीचे असतील तर पाव किलो मागून घे. कडधान्याच्या रश्शाला तो फार छान लागतो.

उसळीवर जरा थांबते, कारण तुमच्यासारख्या घरात पोटाला खरा आधार तिचाच आहे.

दाणे टणक राहतात याची कारणं तीन. पहिलं म्हणजे धान्य जुनं. आपल्याकडच्या दमट-उष्ण हवेत वर्ष-दीड वर्ष पडलेला हरभरा किंवा वाल कितीही शिजवा, त्यात गणंग, म्हणजे न शिजणारे दाणे, राहतातच. म्हणून खप असलेल्या दुकानातून थोडं-थोडं घे. दुसरं, पाणी जड. बोअरच्या पाण्यात चुन्याचा अंश जास्त असतो, त्यात डाळी-कडधान्यं शिजायला वेळ लागतो. घोडबंदर रोडला टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांतले माझे गिऱ्हाईक हीच तक्रार करतात. नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात भिजवून-शिजवून बघ, फरक कळेल. तिसरं कारण सगळ्यात जास्त घडतं: आंबट लवकर घालणं. टोमॅटो, चिंच, आमसूल, यांतलं काहीही दाणा शिजायच्या आधी पडलं की दाण्याचं शिजणं मंदावतं, कधी पार थांबतं. केंद्राच्या पहिल्याच वर्षी चाळीस डब्यांच्या वालाच्या उसळीत मी फोडणीबरोबर आमसुलं टाकली होती. दीड तास उकळूनही वाल दाताला लागत होते. त्या दिवशी डबे दोनला पोचले आणि एका आजोबांनी ते वाल ताटाच्या कडेला काढून नुसता भात खाल्ला. तेव्हापासून दोन बोटांत दाणा चिरडून बघितल्याशिवाय माझ्या हातून आंबट पडत नाही.

खायचा सोडा घालून दाणा मऊ होतो हे खरं, पण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चव साबणासारखी येते. मी वापरत नाही, तूही वापरू नको.

मूग-मटकी सकाळी निघताना चौपट पाण्यात भिजव. रात्री आल्यावर पाणी काढून टाक (पाण्याच्या बाबतीत मी एवढी जपणारी, पण भिजवल्याचं पाणी फेकते, कडधान्याने गॅस होतात त्यातला थोडा भाग त्याच पाण्यात जातो), ओल्या फडक्यात सैल बांध आणि चाळणीत ठेव. मे महिन्यात सकाळपर्यंत मोड दिसतात, जानेवारीत दुसरी रात्र लागते. मोड येताना दाण्यात क जीवनसत्त्व तयार होतं, सुक्या दाण्यात ते जवळजवळ नसतंच. शिवाय लोह आणि झिंक अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. मोड दाण्याएवढे झाले की फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस उत्तम राहतात. रविवारी मटकी आणि हिरवे मूग असं दोन प्रकारचं करून ठेवलंत तर गुरुवारपर्यंत काळजी नाही.

मोडाची मटकी कुकरला लावूच नको, तिथेच तुमचा गाळ होतो. फोडणीत कांदा, मटकी, परतून ती बुडेल-न बुडेल इतकं उकळतं पाणी, झाकण, बारा-पंधरा मिनिटं. दाणा चिरडला जातोय पण आकार टिकलाय, तिथे थांब. मग मीठ, गूळ, आमसूल, गोडा मसाला. हरभरा, छोले, राजमा मात्र कुकरशिवाय होत नाहीत. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवायचा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात, त्यात तडजोड नको.

जमलं तर एखाद्या शनिवारी कडव्या वालांचं बिरडं कर. रायगडचे वाल, रात्रभर भिजवायचे, एक दिवस बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. टरफल सुटून पांढरी डाळिंबी बाहेर येते. तिघं बसलात तर पाव किलो वाल अर्ध्या तासात सोलून होतील. फोडणीत हलक्या हाताने परतायचे, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचे आणि चमच्याने ढवळायचं नाही, कढईचे दोन कान धरून हलवायची, नाहीतर डाळिंब्या मोडतात. शेवटी ओलं खोबरं, गूळ, आमसूल. ठाण्यातल्या सीकेपी घरांमधून मी हे शिकले आणि आजही केंद्रात बिरडं असलं की साडेबाराला संपतं.

डाळीबद्दल. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून तिप्पट पाण्यात, चिमूट हळद, हिंग आणि चार थेंब तेल घालून कुकरला लाव. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, त्या आचेवर आणि कुकरच्या आकारावर बदलतात. पहिली शिट्टी आली की आच मंद करून दहा-बारा मिनिटं मोज. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास जातं. एकदा दाब धरला की मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, फक्त गॅस जळतो आणि पाणी उडतं. वाफ आपोआप जिरू दे. मग डाळ गरम असतानाच घोटायची. घोटल्याशिवाय वरण एकजीव होत नाही, डाळ खाली आणि पाणी वर, हे तुझं होत असणार. पातळ करायला घालायचं ते पाणी उकळतं हवं, आणि फोडणी, चिंचगूळ, गोडा मसाला घातल्यावर आमटीला पाच मिनिटं खळखळून उकळी हवी.

शिजवल्याचं पाणी कधीच फेकायचं नाही. पुरणाची हरभरा डाळ शिजली की निथळलेल्या पाण्याची आपण कटाची आमटी करतो. सणाच्या दिवशी पुरणपोळीच्या शेजारी ती असते, तीच पद्धत रोज वापरायची. हरभरा-छोल्यांच्या पाण्यात रस्सा कर, फ्लॉवर-मटार उकडलेस तर त्या पाण्यात कणीक भिजव.

चव येत नाही म्हणून तिखट वाढवतोस असं लिहिलंयस, तर एक करून बघ. आज डाळ झाली की दोन वाट्यांत दोन-दोन चमचे काढ. एकीत चिमूटभर मीठ, दुसरीत लिंबाचे चार थेंब. चाखून बघ कुठल्या वाटीत डाळ जागी झाली. बहुतेक वेळा आंबट कमी असतं, तिखट नव्हे. आंबट पुरलं तर मीठही कमी लागतं, आणि दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, असावं. नंतर गुळाचा अगदी छोटा खडा घालून परत चाख. आपल्या स्वयंपाकात गूळ गोडासाठी नसतो, तो आंबट-तिखटाची टोकं बोथट करतो. महिनाभर अशा वाट्या घेऊन चाखलंस तर कृती वाचायची गरज कमी होईल. लिंबू मात्र, भेंडी सोडली तर, नेहमी गॅस बंद केल्यावर, किंवा ताटातच. पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की बरंच जास्त घेतलं जातं. जेवल्याबरोबर चहा घेतलास तर उलट होतं, चहातली द्रव्यं लोह अडवतात. तासभर थांब. लोखंडी कढई असेल तर भाजीत थोडं लोह तिच्यातूनही उतरतं, फक्त आंबट पदार्थ तिच्यात ठेवून झोपू नको, काळा पडतो.

आता ती पावडर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुझं वजन 60 किलो धरलं तर 50 ग्रॅम. जिममध्ये जोरात व्यायाम करत असशील तर काही जास्त लागतील. मोजून बघू. 40 ग्रॅम तूरडाळीची आमटी, साधारण 9 ग्रॅम. 50 ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, 11 ते 12. दिवसभरात 200 ग्रॅम कणकेच्या पोळ्या, 20 च्या पुढे. वाटीभर दही, 5. मूठभर शेंगदाणे किंवा त्यांचं कूट, 6. पन्नास इथेच झाले. पण उसळ आणि दही काढून टाक आणि फक्त पोळी-बटाटा खा, की उणीव पडलीच. तुमच्या जेवणात डाळ पाण्यासारखी पातळ आणि पोळ्या आठ असतील, तर जिममधल्या मुलाची शंका चुकीची नाही, त्याचा उपाय महाग आहे. धान्यात प्रथिनांमधला लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. वरणभात, खिचडी, पिठलं-भाकरी यांत दोन्ही एकत्र येतं. व्यायाम करत असशील तर उसळ वाढव, आठवड्यातून एकदा सोयाबीनच्या वड्या घे, त्यांच्या सुक्या वजनात निम्मी प्रथिनं असतात. ज्वारी-नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा तरी हवी, नाचणीइतकं कॅल्शियम दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. भाकरी थापता येत नसेल तर नाचणीच्या पिठाचं धिरडं घाल, दहा मिनिटांचं काम.

एक गोष्ट भाजी-डाळीतून मिळत नाही, ती म्हणजे ब-12. दूध-दही रोज घेत नसाल तर तिघांनीही एकदा रक्त तपासून डॉक्टरांना दाखवा. हे टाळू नका.

पावसाळ्यातल्या पालेभाज्या. शेतातली पालक-मेथी त्या दिवसांत चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी मिळते, म्हणून जपून घ्यायची. मोठ्या भांड्यात पाणी घेऊन पाला बुडवायचा आणि हाताने वर उचलून घ्यायचा. भांडं चाळणीत ओतलंस तर खाली बसलेली माती परत पाल्यावर येते. असं तीन पाण्यांतून, मग चिरायचा. शिजवताना पाणी अजिबात नको, पाल्याला लागलेलं पुरतं. मीठ पाला बसल्यावर, कारण ढीगभर दिसणारा पाला वाटीभर होतो आणि आधी घातलेलं मीठ खारट होतं.

पण या दिवसांत मी स्वतः शेतातला पाला फारसा आणतच नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर ठाणे स्टेशनच्या बाहेर आणि जांभळी नाक्याकडे येऊरच्या पाड्यांवरून, शहापूर-मुरबाडकडून आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. ट्रान्स हार्बर लोकलने तुला ठाण्याला यायला फार वेळ लागत नाही. सकाळी लवकर ये. सुरुवात टाकळ्याने किंवा कुरडूने कर, कोवळी पानं खुडून, कांद्यावर परतून, भिजवलेली मूगडाळ आणि ओलं खोबरं घालून. श्रावणाच्या आसपास कंटोळी येतात, त्यांच्या चकत्या मंद आचेवर नुसत्या तेल-मिठावर परतल्या तरी बास. शेवळं दिसली आणि घ्यावीशी वाटली तर घे, पण त्यांना घशाला खाज आणणारा गुण असतो. ती आंबटाबरोबर पूर्ण शिजवावी लागतात, आणि त्यासाठी लागणारी हिरवी काकडं (काकडी नव्हे, एका रानझाडाची आंबट फळं) बहुधा त्याच टोपलीत असतात. शेवळांची जुडी घेताना त्या ताईंकडे काकडं मागून घे, आणि साफ करताना कुठला भाग काढून टाकायचा ते त्यांच्याकडूनच एकदा दाखवून घे.